स्प्रिंग कमी पडली

माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला पंगत बसली होती आणि वाढपी अजून भाताशी पोचला नव्हता, तेवढ्यात माझ्या मेहुण्याने ती गोष्ट पुन्हा सांगितली.

"बाबांच्या सायकलला दाजींनी इंजिन बसवलं होतं, माहितीये ना? पहिल्या दिवशी नुसता आवाज. गाडी जागची हलेना. मग मी बसून स्प्रिंगचं कॅल्क्युलेशन करून दिलं, तेव्हा कुठे चालली."

लोक हसले. तेराव्याच्या पंगतीत शोभतं तेवढंच, पण हसले. समोरच्या एका निवृत्त प्राध्यापकाने माझ्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवली. असली मान माझ्या चांगली ओळखीची आहे. वेल्डिंगवाल्याला गणित कुठून येणार, चालायचंच, असं ती म्हणते.

ही गोष्ट त्याने गणपतीत सांगितली आहे, स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभात सांगितली आहे, माझ्या मुलीच्या साखरपुड्यात माझ्याच व्याह्यांना सांगितली आहे. प्रत्येक वेळी मी तिथे होतो आणि प्रत्येक वेळी गप्प बसलो. मला ओळखणाऱ्या कुणाला हे खरं वाटणार नाही. लखनऊजवळच्या चिनहटच्या बाजारात माझ्याशी भाव करायला माणसं एकटी येत नाहीत. पण सासरे असेपर्यंत मला तोंड उघडता येत नव्हतं. आता ते नाहीत.

मेहुणा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत तो शास्त्रज्ञ होता. आयुष्यभर त्याने कशावर संशोधन केलं, हे मी त्याला अनेकदा विचारलं आणि प्रत्येक वेळी त्याने चष्मा पुसला. इंदिरा नगरमध्ये त्याचं दुमजली घर आहे. फाटकावर नावाची पितळी पाटी, नावाच्या आधी डॉक्टर. शेजारच्या बाईला एकदा चक्कर आली तेव्हा तिची सून धावत याच्याकडे आली होती. याने तिला पंखा लावायला सांगितलं.

मी विट्याकडचा. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गावातल्या अशाच एकाच्या मागे मी मिसरूड फुटायच्या आत लखनऊच्या चौक या सराफी पेठेत आलो आणि भट्टीपुढे बसलो. ॲसिडचा धूर छातीत जायला लागला तशी ती भट्टी सोडली, पंप दुरुस्तीच्या एका दुकानात हात काळे केले आणि पुढे चिनहटला फैजाबाद रोडच्या कडेला स्वतःचं दुकान टाकलं. फवारणीचे पंप, गवत कापायची मशिनं, छोटी इंजिनं. मला कुणी काही दिलं नाही. जे मिळवलं ते भांडून मिळवलं.

सासरे मला भेटले तेही भांडणातच. मूळचे ते आमच्याच भागातले, फौजेत ट्रान्सपोर्टला होते. ड्रायव्हर म्हणून भरती झाले, सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि लखनऊतच राहिले. छावणीतल्या बागेचा फवारणी पंप घेऊन ते दुकानात आले होते. मजुरीवरून आमचं जुंपलं. ते मागे हटेनात, मीही हटेना. शेवटी पंप तिथेच टाकून निघून गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले आणि पंपाचं नाव न काढता म्हणाले, "गाव कोणतं? घरी कोण कोण असतं?" अशी माझी सोयरीक ठरली. मेहुण्याने तेव्हाही विरोध केला होता. 'भट्टीवरचा पोरगा' हे त्याचे शब्द. बायकोने ते मला लग्नानंतर लगेच सांगितले, आणि बरं केलं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा सत्तरी ओलांडल्यावरही रोज सकाळी इंदिरा नगरहून छावणीत सायकलने जायचे. काळी, जुनी, वजनदार सायकल. तिकडे कॅन्टीनच्या बाहेर झाडाखाली एक बाक आहे. तिथे त्यांच्या वेळचे चार म्हातारे पत्ते खेळत. गेटवरचा पोरगा त्यांना बघून "राम राम, साहब" म्हणायचा. फौजेत सुभेदाराला साहब म्हणतात. घरी त्यांना कुणी साहब म्हणत नव्हतं. घरी ते बाबा होते. गीझर चालू ठेवणारे, चहा सांडणारे, तेच ते विचारणारे बाबा.

मग गुडघा गेला. गोमतीच्या पुलाच्या चढावर एके दिवशी पाय धरला आणि ते सायकलसकट आडवे झाले. फार लागलं नाही. पण मेहुण्याने त्याच संध्याकाळी सायकल जिन्याखाली नेऊन साखळीने बांधली आणि कुलपाची किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली.

"रविवारी ड्रायव्हर घेऊन जाईल ना तुम्हाला," तो म्हणाला. "एसी गाडीत."

मामा एकदाच गेले. मागच्या सीटवर बसून. गेटवर नवा शिपाई होता. त्याने काच खाली करायला लावली आणि ड्रायव्हरला विचारलं, "पास है? पीछे कौन हैं?" मामांनी ओळखपत्र काढेपर्यंत मागे गाड्यांची रांग लागली. परत आल्यावर त्यांनी बूट काढले, कपाटात ठेवले आणि पुन्हा कुठे जायचं नाव काढलं नाही. घरात गॅलरीच्या खुर्चीत बसून राहायचे. जेवण निम्म्यावर आलं. माझी बायको दर आठवड्याला जाऊन यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

"वाळत चाललेत," ती म्हणाली. "दादा म्हणतो, वयानुसार होतं. बाबांनी गॅस चालू ठेवला, बाबांनी दार उघडं टाकलं, एवढंच सांगत असतो. त्याला ते कायमचे खुर्चीत पाहिजेत."

मी त्याच रविवारी गेलो. मेहुणा हॉलमध्ये पेपर वाचत होता.

"दादा, किल्ली द्या."

"कसली?"

"सायकलची."

त्याने पेपर घडी केला, चार कोपरे जुळवून. "दाजी, तुम्ही इमोशनल होताय. डॉक्टरांनी सांगितलंय, पेडल मारायचं नाही."

"पेडल मारायचं नाही, एवढंच ना? मग नाही मारणार. इंजिन बसवतो."

हसण्यापूर्वी तो नेहमी बायकोकडे बघतो, तिनेही हसावं म्हणून. तसं त्याने वहिनींकडे पाहिलं. मी त्याला समजावून सांगितलं: मागच्या चाकावर छोटं इंजिन, त्याच्या दांड्याला लोखंडी रोलर, तो रोलर टायरवर दाबायचा. रोलर फिरला की टायर फिरतो. लिव्हर ओढून रोलर उचलला की झाली परत साधी सायकल.

"फ्रिक्शन ड्राइव्ह," तो म्हणाला. नाव माहीत असलं की सगळं माहीत असल्यासारखं त्याला वाटतं. "जगाने टाकून दिलेली टेक्नॉलॉजी आहे ही."

"जगाने टाकून दिलेल्या वस्तूंवरच माझं दुकान चालतं."

"आणि रजिस्ट्रेशन? लायसन्स? पोलिसांनी पकडलं तर माझं नाव येईल."

तो यावर येणार हे मला माहीत होतं. पंचवीस सीसीपर्यंतचं इंजिन असलेली दुचाकी कायद्याच्या लेखी मोटारगाडीच नाही. छोटी इंजिनं विकणाऱ्याला हे माहीत असावंच लागतं. मी तेवढं सांगितलं. त्याने फोन काढला, बराच वेळ वाचलं आणि फोन खिशात ठेवून म्हणाला, "मग इलेक्ट्रिक किट का नाही? सायलेंट, क्लीन."

कारण बॅटरी चार्ज करायचा सॉकेट त्याच्या भिंतीत असतो. म्हणजे किल्ली पुन्हा त्याच्याच हातात. हे मी बोललो नाही. "चढावर दम टाकते," एवढंच म्हणालो.

शेवटी सौदा ठरला. तो भले मोठ्या मनाने बोलत होता, पण सौदाच होता. सायकल तयार झाल्यावर मामांनी तिच्यावर बसून, पेडल न मारता, कॉलनीच्या टोकाचा नाल्यावरचा पूल चढायचा आणि परत यायचं. आले तर किल्ली मामांची. नाही आले तर हा विषय कायमचा बंद आणि सायकल भंगारात. त्याने हे सगळं मामांच्या समोर सांगितलं, मामा तिथे नसल्यासारखं.

मामा खुर्चीतून म्हणाले, "पाव्हणं, चढंल का?"

"चढंल, मामा."

इंजिन मी चिनहटच्याच एका कबाड्याकडून घेतलं. पार्कातलं गवत कापणाऱ्या कुठल्याशा ठेकेदाराचं मशीन होतं, पातं मोडलेलं, इंजिन ठणठणीत. कबाडी लखनवी गोडव्याने बोलायला लागला की मी आधी माझे खिसे चाचपतो.

"भाईसाहब, विदेशी इंजन है. आपसे क्या कमाना."

"विदेशी है तो पासपोर्ट दिखाओ."

"अरे, आप तो नाराज़ हो गए. बैठिए, चाय पीजिए."

"चाय भी इंजन में जोड़ोगे. नहीं पीनी."

त्याने प्लग काढलेला होता, म्हणजे इंजिन बंद आहे असं दाखवून नंतर 'चालू करून देतो' म्हणत भाव वाढवायचा. माझ्या खिशात प्लग होता. मी तो लावला, दोरी ओढली, इंजिन पहिल्याच झटक्यात भुरभुरलं. कबाडी इतका वेळ मला भाईसाहब म्हणत होता, मग फक्त 'आप' म्हणायला लागला. त्याने जे मागितलं ते मी दिलं नाही आणि मी जे म्हणालो ते त्याने घेतलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

बांधणी मात्र सांगण्यासारखी आहे, कारण ती माझी होती. सीटच्या मागे कॅरियर काढून तिथे जाड पट्टीची चौकट. तिच्यावर बिजागरीची प्लेट, प्लेटवर इंजिन, म्हणजे इंजिन सगळंच्या सगळं वर-खाली होतं. रोलर मी लेथवर करवून घेतला. अंगाला हलक्या खाचा, रेतीसारख्या. खाचा खोल केल्या तर टायर कानशीने घासल्यासारखा संपतो. रोलरचा घेर मुद्दाम लहान ठेवला. लहान रोलर वेग कमी देतो आणि ताकद जास्त. सत्तरीच्या माणसाला वेग कशाला हवा? त्याला पूल हवा. प्लेटला एक स्प्रिंग, ती रोलरला टायरवर दाबून धरते. ती मी जुन्या स्कूटरच्या स्टँडची लावली होती. हाताने दाबून, सोडून, पुन्हा दाबून बघितली आणि बसवली. ही स्प्रिंग लक्षात ठेवा.

ते सगळं आधी दुकानातल्या एका सायकलवर बसवून मी देवा रोडपर्यंत फिरून आलो. चौकातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग शनिवारी दुपारी सामान घेऊन इंदिरा नगरला गेलो. मेहुण्याने जिन्याखालचं कुलूप उघडलं आणि सायकल बाहेर काढून दिली. मी मामांच्या सायकलवर चौकट बसवली. गल्लीत दोनदा फिरवून बघितली. मागे सिमेंटचं पोतं बांधल्यासारखी जड, तरी भरभर गेली. मेहुण्याने खिडकीतून पाहिलं.

"आज इथेच राहू दे," तो म्हणाला. "मी जरा इन्स्पेक्ट करतो. उद्या सकाळी डेमो."

डेमो. मी हो म्हणालो. त्याने रात्रीत काही बिघडवलं तर मला कळेल, असा माझा हिशोब होता. बिघाड वेगळ्याच हाताने होणार होता.

रविवारी सकाळी तो अंगणात चहाचा ट्रे घेऊन उभा होता आणि त्याच्या संस्थेतले दोघे-तिघे सहकारी, शेजारचे दोन म्हातारे, वहिनी, सगळे फाटकाशी जमले होते. कुणाला त्याने बोलावलं नव्हतं, सगळे सहज आले होते. माझी बायको बाजूला पदर मुठीत धरून उभी होती. मामा आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, मिशा नीट, पायात चकचकीत काळे बूट. इतक्या महिन्यांनी त्यांना बूट घातलेलं बघून बायकोने माझ्याकडे पाहिलं.

मी दोरी ओढली. इंजिन लागलं. मामा सायकलवर बसले, पाय जमिनीवर टेकलेले, पाठ ताठ. मी म्हणालो, "मामा, लिव्हर खाली, आणि हळूच थ्रॉटल."

त्यांनी लिव्हर खाली केली, थ्रॉटल दिला. इंजिन किंचाळलं. रोलर गरगर फिरायला लागला आणि टायर तसाच उभा. मामांनी आणखी थ्रॉटल दिला. आणखी किंचाळलं. सायकल जागची हलली नाही. मामांनी मग पायाने ढकलायचा प्रयत्न केला आणि गुडघ्यातून कळ आल्यावर त्यांचा चेहरा आकसला, तो मी पाहिला.

"बंद करा, बंद करा," मेहुणा म्हणाला. मग सगळ्यांकडे वळून: "कोएफिशियंट ऑफ फ्रिक्शन. मी म्हटलं होतं."

मी वाकलो. टायर हाताने धरला आणि माझी बोटं घसरली. बोटं वर आणली, ती काळी झाली होती. नाकाशी नेली. बूट पॉलिश.

तेव्हा मला दिसलं. दोन्ही टायर नव्या बुटासारखे चमकत होते. रबराच्या खाचाखाचांतून कपडा फिरवलेला होता, ब्रश मारलेला होता. फौजेत गाड्यांची तपासणी असली की आदल्या दिवशी टायर काळे करतात, हे मी मामांकडूनच ऐकलेलं होतं. शनिवारी मेंटेनन्स, रविवारी चमकदार गाडी. त्यांचं सगळं आयुष्य तसं गेलं होतं. इतक्या महिन्यांनी त्यांना पुन्हा एक गाडी मिळाली होती आणि उद्या तिची तपासणी होती. त्यांनी ती तयार केली. रोलरलासुद्धा पुसून मेणचट हात लावला होता.

माझ्या डोक्यात गेलं. त्या म्हाताऱ्याच्या अंगावर ओरडायला माझं तोंड उघडलंही होतं. मी असा माणूस आहे की कारागिराने चुकीचा नट लावला तर अख्खा रस्ता ऐकतो.

"काय झालं?" मेहुण्याने विचारलं. तो जवळ येत होता. आणि येता येता सहकाऱ्यांना सांगत होता, "बाबांना हल्ली नीट लक्षात राहत नाही. परवा गॅस तसाच..."

तोंड उघडलं होतं ते मी मिटलं. हा माणूस दोन पावलांवर होता. त्याने वाकून टायरला हात लावला असता तर बाकीचं मला सांगायची गरजच नव्हती. बाबांनी टायरला पॉलिश लावलं, ही गोष्ट त्याने त्या दिवशी जेवणापर्यंत साऱ्या लखनऊला सांगितली असती. मग डॉक्टर, मग गोळ्या, मग खुर्ची. सायकल भंगारात, आणि मामा तिच्या आधी.

मी बोटं पॅन्टला पुसली. उभा राहिलो आणि त्याच्या आणि चाकाच्या मध्ये आलो.

"स्प्रिंग," मी म्हणालो. "स्प्रिंग कमी पडली. माझी चूक."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. मी लग्नात पायताण हरवलं तेव्हाही माझी चूक म्हणालो नव्हतो.

मेहुण्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मी आजवर शब्द शोधतो आहे. माणसाला आयुष्यभर हवं असलेलं काहीतरी फुकटात मिळालं की चेहरा असा होतो. "दाजी," त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असं अंदाजाने नाही होत. नॉर्मल फोर्स काढावा लागतो. इंजिनिअरिंग आहे हे."

"मग काढून द्या. पण एक आठवडा आणि एक संधी. पुढच्या रविवारी."

"सौदा तर संपला ना? ठरलं तसं..."

"दादा," मी म्हणालो, "तुमचं गणित लागेल. तुमच्याशिवाय नाही व्हायचं."

आयुष्यात एकदाच मी समोरच्याने मागितलेला भाव न बोलता दिला. तो लगेच मऊ झाला. सगळ्यांसमोर पुढचा रविवार दिला. दिला, असंच म्हणायला हवं. तो देणारा होता.

मामा सायकलजवळ उभे होते, हात पॅन्टच्या शिवणीला लागलेले, सावधानमध्ये, नजर समोर. त्यांना कळलं की नाही, मला कळलं नाही.

सायकल मी टेम्पोत घालून दुकानात नेली. घरी रात्री बायको पॅन्ट भिजवताना बाथरूममधून ओरडली, "पॅन्टला बूट पॉलिश कसं लागलं? तुम्ही तर चपला घालता."

पाण्याचा आवाज थांबला. ती दारात येऊन उभी राहिली, पॅन्ट हातात.

"बाबा?"

मी मान हलवली.

"आणि तुम्ही म्हणालात, माझी चूक? तुम्ही?"

"बोलू नकोस कुणाला."

तिने ती पॅन्ट दोनदा धुतली. डाग गेला नाही.

टायर मी कपडे धुवायच्या पावडरने आणि ब्रशने घासला, रोलर पेट्रोलने पुसला. बाकी कशालाही हात लावला नाही. स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग होती तिथेच राहिली.

मेहुण्याने मात्र आठवडाभर काम केलं. फोनवर आकृती पाठवली, बाण काढलेली. मग दुसरी, पहिलीतली चूक सुधारलेली. मग त्याने ओळखीच्या कुठल्याशा वर्कशॉपमधून स्वतःच्या गणिताची स्प्रिंग बनवून घेतली आणि ड्रायव्हरच्या हाती डब्यात घालून पाठवली. डब्यात कापूस होता. ती स्प्रिंग एवढी ताठ होती की लावली असती तर टायर चपटा झाला असता आणि इंजिन बंद पडलं असतं. मी तिला दुकानाच्या मागच्या संडासाच्या दाराला लावलं. दार तेव्हापासून आपोआप बंद होतं. त्या गणिताचा एवढा उपयोग झाला, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

पुढच्या रविवारी मी सायकल सकाळी थेट दुकानातूनच आणली. रात्र तिथे ठेवली नाही. पुन्हा चहा, पुन्हा सहज आलेली माणसं. मेहुण्याने वाकून, चष्मा सारून, स्प्रिंग बघितली. जुन्या स्कूटरची गंजकी स्प्रिंग. "हं," तो म्हणाला. "आता बघा."

मामांनी लिव्हर खाली केली. रोलर टायरला चिकटला, सायकल हलकीशी उसळली आणि गेली. गल्लीच्या टोकापर्यंत इंजिनचा आवाज एकसारखा होता. मग चढ लागला तसा तो खोल झाला, पण तुटला नाही. पुलाच्या माथ्यावर मामा दिसले, पाठ ताठ, पाय पेडलवर स्थिर. मग उतरून दिसेनासे झाले, आणि बराच वेळ आलेच नाहीत. बायको रडायला लागली. मेहुणा घड्याळ बघायला लागला. मग आवाज ऐकू आला. ते कॉलनीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने आले होते. पूल चढून परत यायचं ठरलं होतं, कुठून यायचं ते ठरलं नव्हतं. सौद्यातली ही फट माझ्याही ध्यानात आली नव्हती.

मेहुण्याने किल्ली दिली. देताना भाषण केलं, गणितावर. टाळ्या पडल्या. मी चहा पीत होतो. चहा पांचट होता.

पण काम संपलं नव्हतं. आता किल्ली मामांकडे होती, सायकल त्यांच्या ताब्यात होती आणि शनिवार येणार होता. शनिवारी ते पुन्हा डबी उघडणार, पुन्हा टायर चमकवणार, आणि सोमवारी गोमतीच्या पुलावर, मागे बस असताना, रोलर नुसता गरगरणार. सांगायला हवं होतं. पण कसं? त्यांना कळलं नसेल तर मी सांगायचं की तुमच्यामुळे झालं? सुभेदाराला? आठवडाभर मी मनात वाक्यं जुळवली. भाव पाडायची शंभर वाक्यं मला येतात. हे एक जमेना.

शनिवारी संध्याकाळी गेलो. मेहुणा बाहेर गेला होता. मामा जिन्यापाशी स्टुलावर बसले होते, गुडघा लांब केलेला, शेजारी बूट पॉलिशची डबी उघडी आणि हातात फडकं.

जवळ गेलो. पुढचं चाक नव्या बुटासारखं चमकत होतं. ते त्यावर शेवटचा ब्रश मारत होते. मागचं चाक कोरडं, धुळकट, राखाडी होतं. त्याला बोटही लागलेलं नव्हतं.

विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "मामा, मागचं राहिलं का?"

त्यांनी ब्रश ठेवला, डबीचं झाकण फिरवून बंद केलं, माझ्याकडे न बघता.

"मागच्याला न्हाई लावत," ते म्हणाले. "स्प्रिंग कमी पडती."

त्यानंतर आम्ही यावर कधी बोललो नाही. ते रोज छावणीत गेले. गेटच्या अलीकडे लिव्हर ओढून इंजिन उचलायचे, साधी सायकल हातात धरून आत जायचे, आणि गेटवरचा पोरगा राम राम साहब म्हणायचा. मेहुणा सणासमारंभात त्याची गोष्ट सांगायचा. मामा तिथेच बसलेले असायचे, चहाची बशी हातात, आणि 'स्प्रिंगचं कॅल्क्युलेशन' हे शब्द आले की ते बशीत फुंकर घालायचे. एवढ्यावर मी इतकी वर्षं गप्प बसलो.

तेराव्याला पंगतीत ती गोष्ट निघाली तेव्हा मी सवयीने त्यांच्या जागेकडे पाहिलं. तिथे फुंकर घालायला कुणी नव्हतं. जेवण झाल्यावर मेहुणा हात पुसत माझ्याकडे आला. "दाजी, ती सायकल मला हवी आहे. हॉलमध्ये ठेवीन. बाबांची आठवण. आणि खाली छोटी पाटी, डिझाइनबद्दल."

"न्या," मी म्हणालो. "पण आधी एकदा माझ्या दुकानात या. मागचं संडासाचं दार उघडून बघा. मग बोलू."

तो अजून आलेला नाही. मामांनी शेवटची सर्व्हिसिंगला आणून ठेवलेली सायकल अजून माझ्या दुकानात उभी आहे. दर शनिवारी मी पुढच्या चाकाला पॉलिश लावतो.